मार्केटिंग, बाजार संशोधन आणि गिऱ्हाईकाचं वागणं : छोट्या खाद्य उद्योगांना नेहमी पडणारे प्रश्न

घरून सुरू झालेला मसाला, लोणची, पापड, भाजणी, लाडू असा धंदा आता दुकानापर्यंत न्यायचा आहे, अशा मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं. बहुतेक ठिकाणी थालीपीठाच्या भाजणीचं उदाहरण घेतलं आहे, पण मेतकूट, शेवया किंवा गोडा मसाला करणाऱ्यांनाही ते तितकंच लागू पडतं. एक आग्रह मात्र इथे पुन्हा पुन्हा भेटेल. लोक काय म्हणतात ते ऐका, पण भरवसा त्यांनी खिशातून पैसे कशावर काढले त्याच्यावर ठेवा.

मार्केटिंग म्हणजे जाहिरातच ना?

नाही. जाहिरात हा त्यातला शेवटचा आणि बऱ्याचदा सगळ्यांत खर्चिक भाग. माल कोणासाठी करायचा, पाकीट किती वजनाचं, भाव काय, कुठल्या दुकानात ठेवायचं, हे सगळं ठरवणं म्हणजेच मार्केटिंग. अमेरिकेतले प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये वस्तू, किंमत, विक्रीचं ठिकाण आणि प्रसिद्धी या चार गोष्टी एकत्र मांडल्या. कॉलेजात त्या 'फोर पी' म्हणून शिकवतात. चारही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. भाव चढा ठेवलात आणि माल साध्या पिशवीत, गाठ मारून दिलात, तर गिऱ्हाईक पिशवीवर विश्वास ठेवतं, भावावर नाही.

माझी भाजणी सगळ्यांनाच आवडते. मग एकच गट का निवडायचा?

आवडणं वेगळं, विकत घेणं वेगळं. भाजणी विकत घेणारी माणसं जरा सुटी करून पाहा. नोकरी सांभाळणाऱ्या बाईला घरच्या चवीची भाजणी माहीत असते, पण डाळी धुऊन, वाळवून, भाजून गिरणीत न्यायला वेळ नसतो. ती तुमच्या मालाची तुलना आईच्या भाजणीशी करणार. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला अर्धा किलो नकोच असतं, आणि पीठ कसं भिजवायचं हे पाकिटामागे लिहिलेलं नसेल तर तो घेणारच नाही. परदेशातल्या मुलाकडे निघालेले आईवडील पाकीट बॅगेत फुटणार नाही ना, चार महिने टिकेल ना, एवढंच पाहतात. आणि आहाराचं पथ्य पाळणारा माणूस भाजणीशेजारी ओट्सचा डबा ठेवून दोन्हींवरचे घटक वाचतो.

पीठ एकच, पण वजन, पाकीट, मजकूर, दुकान आणि भाव चौघांसाठी चार प्रकारचे लागतात. भांडवल कमी असताना यांपैकी एकालाच मनापासून धरा. बाकीचे आले तर त्यांना नाही म्हणायचं नाही, पण पाकिटावरचा प्रत्येक शब्द निवडलेल्या माणसासाठीच लिहायचा.

बाजार संशोधनाला पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?

किराणा दुकानातून. ओळखीच्या दुकानदाराला विचारून संध्याकाळी गर्दीच्या वेळी तास-दोन तास बाजूला उभं राहा. वही जवळ ठेवा आणि तुमच्या मालाबद्दल चकार शब्द काढू नका.

पाहायचं काय? समजा, एक बाई येतात आणि "भाजणी आहे का?" विचारतात. नाव कुठलंच घेत नाहीत. दुकानदार मागच्या फळीवरून दोन पाकिटं काढून काउंटरवर ठेवतो. त्या एक उचलतात, उलटं करतात, बोटाने तारीख शोधतात. तारीख शिक्क्याची आणि पुसट. "ताजी आहे ना?" "परवाच आलीय." पाकीट पिशवीत. सगळा व्यवहार मिनिटभरात आटोपतो, आणि त्यात तुमच्या धंद्याच्या तीन गोष्टी कळतात. या गिऱ्हाईकाच्या डोक्यात अजून कुठलाच ब्रँड बसलेला नाही. तिची काळजी चवीची नसून ताजेपणाची आहे. आणि शेवटचा शब्द दुकानदाराचा चालला. म्हणजे दळल्याची तारीख ठळक छापणं आणि दुकानदाराशी संबंध राखणं, ही दोन कामं रंगीत पत्रकाच्या आधी येतात.

सुपरमार्केटमध्ये हेच चित्र बदलतं. तिथे माल पुढे करणारं कोणी नाही, हात स्वतःच फळीवर जातो. मग पाकिटाचा दर्शनी भाग, डोळ्यांच्या उंचीवरची जागा आणि शेजारी कुठला माल ठेवलाय याला महत्त्व येतं.

दुकानदाराशी बोलताना "काय खपतं?" एवढ्यावर थांबू नका. "कुठला माल परत द्यावा लागतो आणि का?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला नेहमीची नावं मिळतात. दुसऱ्यातून खवट वास, पोरकिडे, न फिरकणारा सेल्समन, परत दिलेल्या मालाचे उशिरा मिळणारे पैसे, असं सगळं बाहेर येतं. तुम्हाला शिरायला जागा तिथेच आहे.

मुंबईचं महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशा ठिकाणी स्टॉल मिळाला तर गल्ल्याइतकीच किंमत लोकांच्या प्रश्नांना द्या. एकाला पूर्णवेळ प्रश्न टिपायला बसवा. एकच प्रश्न दिवसभर येत राहिला तर त्याचं उत्तर पुढच्या लेबलवर छापायचं.

लोकांना नेमकं काय विचारावं?

"आमची भाजणी घ्याल का?" हे विचारू नये. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं. वहिनी, काकू, शेजारी, सगळे हो म्हणतात, आणि त्या हो वर माणसं कर्ज काढून चक्की घेतात. हे मला फार लागतं, कारण ही चूक फुकटात टाळता येते.

झालेल्या गोष्टींबद्दल विचारा. शेवटची भाजणी कधी आणली? कुठून? किती वजनाची? कोणी सांगितलं? संपली का? संपली नसेल तर का राहिली? शेवटच्या प्रश्नावर लोक खुलतात: घरात दोघंच खाणारी, डबा मागे राहिला, वास आला, टाकून दिली. हे ऐकलंत की पाकीट पाव किलोचं हवं की अर्ध्या किलोचं, याचा निकाल लागतो. मध्ये बोलू नका, आपल्या मालाची बाजू मांडू नका.

किती जणांना विचारलं म्हणजे पुरे?

काम दोन प्रकारचं आहे. लोक असं का वागतात हे समजून घ्यायचं असेल तर एका गटातल्या बारा-पंधरा जणांशी निवांत बोला. उत्तरं तीच तीच येऊ लागली की थांबा.

मोजायचं असेल, म्हणजे शहरातली किती टक्के घरं विकतची भाजणी आणतात असं काही, तर गणित लागतं. घरं चिठ्ठी टाकून निवडावीत तशी निवडली असतील, तर साधारण ३८५ उत्तरांमधून खऱ्या टक्केवारीच्या पाच टक्के अलीकडे-पलीकडे असलेला अंदाज ९५ टक्के खात्रीने मिळतो. दहा टक्क्यांची सूट चालणार असेल तर ९७ पुरतात. शहर सांगली असो वा मुंबई, हा आकडा फारसा बदलत नाही.

पण माणसं कशी निवडली याला संख्येपेक्षा जास्त वजन आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापून आलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारीवाल्यांच्या याद्यांतले, म्हणजे बऱ्या परिस्थितीतल्या लोकांचे होते, आणि उत्तर पाठवायची तसदी घेणारेही वेगळेच होते. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलेला कौल हा त्या साप्ताहिकाच्याच पंक्तीतला.

प्रदर्शनात चव बघून सगळे वाहवा करतात, मग दुकानात खप का नाही?

कारण स्टॉलवर त्यांनी तुमची भाजणी खाल्लेलीच नसते. तुम्ही मुरलेल्या हाताने लावलेलं, लोण्याचा गोळा ठेवलेलं गरम थालीपीठ त्यांनी खाल्लेलं असतं. दुकानात मिळतं ते पीठ. ते घरी भिजवायचं, थापायचं, आणि तव्यावर मोडलं तर दोष तुमच्या पाकिटाला.

मोठ्या कंपन्याही चवीच्या चाचणीला फसतात. कोका-कोलाने १९८५ मध्ये नवी, जास्त गोड चव आणण्याआधी सुमारे दोन लाख लोकांना ती पाजून पाहिली होती. घोटभर चाखून निम्म्याहून जास्त लोकांनी नव्या चवीला पसंती दिली. २३ एप्रिलला ती बाजारात आली, लोक संतापले, आणि ११ जुलैला जुनं पेय परत आणायची घोषणा करावी लागली. घोटाची पसंती विचारली होती. आयुष्यभराची ओळखीची बाटली काढून घेतली तर काय वाटेल, ते अशा घोटातून कळलं नाही.

म्हणून शंभर ग्रॅमची पुडी घरी द्या, आठवड्याने फोन करा. केली का, कोणी केली, पाणी किती लागलं, मुलांनी खाल्ली का? पुडी तशीच पडून असेल तर तेही उत्तरच आहे, आणि बहुधा सगळ्यांत कामाचं.

लोकांची सवय बदलता येते का?

येते, पण तिला पैसा आणि वर्षं लागतात, आणि छोट्या उद्योगाकडे दोन्ही नसतात. केलॉग्ज १९९४ च्या सुमारास भारतात आली, आपल्या तळोज्यात कारखाना काढला. कॉर्नफ्लेक्स थंड दुधात कुरकुरीत राहतात. आपल्या घरांत दूध तापवून, गरमच घ्यायची पद्धत. गरम दुधात त्यांचा लगदा होतो. शिवाय पोहे, उपमा, पराठा, इडली असा गरम आणि तिखटमिठाचा नाश्ता करणाऱ्या घरात ते गोडसर काही तरी ठरलं. बस्तान बसायला बरीच वर्षं गेली.

मॅगी १९८३ मध्ये आली तेव्हा तिने पोळी-भाजीला हात लावला नाही. शाळेतून भुकेलेलं आलेलं पोर आणि रात्रीचं जेवण यांमधली वेळ तिने धरली, आणि दोन मिनिटांचं वचन दिलं.

तुमच्या मालासाठी अशी मोकळी वेळ कुठली? भाजणीला सकाळी पोह्यांशी झगडावं लागतं, कारण पोहे पटकन होतात. संध्याकाळी पाच-सहाच्या खाण्यात स्पर्धा वेफर्स आणि बिस्किटांशी आहे, आणि आईला ते देताना मनात बोच असते. तिथे भाजणीचा वडा किंवा छोटं थालीपीठ सहज बसतं. उपवासाच्या भाजणीचा तर हंगाम कॅलेंडरवरच छापलेला असतो: आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र. आषाढीच्या दोन आठवडे आधी माल फळीवर हवा. एकादशीच्या दिवशी पोचलेली पाकिटं पुढच्या उपवासापर्यंत दुकानदाराची जागा अडवून बसतात.

घेतं एक, खातं दुसरं. मग बोलायचं कोणाशी?

घरात सुचवणारा, ठरवणारा, पैसे देणारा आणि खाणारा हे चौघं वेगळे असू शकतात. पाकिटाचा पुढचा भाग ठरवणाऱ्यासाठी, मागचा करणाऱ्यासाठी. करणारी व्यक्ती आता सून, मुलगा किंवा स्वयंपाकाच्या मावशीही असू शकते, तेव्हा कृती नवख्याला कळेल अशी आणि मोठ्या अक्षरांत लिहा.

किंमत कशी ठरवायची?

बहुतेक जण खर्च मोजतात, त्यावर थोडं चढवतात आणि थांबतात. त्यातही स्वतःची मजुरी धरत नाहीत. पहाटे चारला उठून भाजलेल्या डाळींना मजुरी नसेल, तर त्या धंद्यात नफा नाही, फक्त कष्ट आहेत.

नमुन्यादाखल हिशेब करू. अर्धा किलो भाजणीला धान्य, गॅस, दळण, पाऊच, लेबल आणि मजुरी धरून ७० रुपये आले असं समजा. घरून १०० ला विकत होतात, तोच एमआरपी छापलात. दुकानदाराने त्यावर २० टक्के घेतले, डिस्ट्रिब्युटरने ८ टक्के. हातात ७२. दोन रुपयांत कर, टेम्पो, परत आलेला माल आणि नमुन्याच्या पुड्या काही भागत नाहीत. एमआरपी १४० केलात तर २८ आणि ११ वजा जाऊन १०१ उरतात, म्हणजे खर्चाच्या वर ३१. आता श्वास घेता येतो. टक्केवारी गावागणिक आणि मालागणिक बदलते, तेव्हा आपल्या भागातली विचारून घ्या. पण दुकानात जायचं असेल तर पहिल्या दिवसापासून घरचा भावही दुकानाच्या भावाच्या आसपास ठेवा. नाहीतर दुकानदार म्हणतो, "तुम्ही घरून स्वस्त देता, मी कशाला ठेवू?"

हिशेब उलटाही करून पाहा. तुमचं गिऱ्हाईक आज अशा पाकिटाला किती देतं, त्यातून मधल्यांचा वाटा काढल्यावर किती उरतं, आणि तेवढ्यात माल बसतो का?

स्वस्तात विकलं की खप वाढतोच, नाही का?

कधी वाढतो, कधी घात होतो. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा पावडर सुरू केली आणि सायकलवरून दारोदार विकली. मोठ्या कंपनीच्या पावडरीच्या साधारण पाव किमतीत ती मिळे. वडीच्या साबणाने धुणाऱ्या लाखो घरांना पावडर पहिल्यांदा परवडली, म्हणून खप वाढला. उत्तर म्हणून सर्फने काटकसरी, चोखंदळ ललिताजी आणली. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, हे तिने घराघरांत पोचवलं.

टाटांची नॅनो २००८ मध्ये लाखाची गाडी म्हणून पुढे आली आणि 'सर्वांत स्वस्त' हीच तिची ओळख झाली. ती ओळख चुकीची होती, असं रतन टाटांनी स्वतः नंतर जाहीरपणे सांगितलं. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबल्यातच जमा झालं. कपड्यांची पावडर मोरीत वापरून संपते. गाडी मात्र चार लोकांसमोर उभी राहते आणि घराची पत सांगते. तुमची वस्तू यांतली कुठली? रोजचं तिखट पहिल्या जातीचं. दिवाळीला भेट द्यायचा फराळाचा डबा दुसऱ्या जातीचा, आणि त्यावर 'सर्वांत स्वस्त' लिहिणं म्हणजे देणाऱ्याला अवघडून टाकणं.

शेजारचा ब्रँड दहा रुपयांनी स्वस्त आहे. मीही उतरवू?

लगेच नको. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याची टोचणी माणसाला जास्त होते. नवं पाकीट उचलताना गिऱ्हाईक दहा रुपये वाचतील का यापेक्षा सगळे एकशेचाळीस वाया गेले तर काय, याची धास्ती घेतं. 'नाही आवडली तर याच दुकानात बदलून घ्या' हे वाक्य त्या धास्तीला थेट उत्तर देतं. परत येणारा माल सोसायची तयारी मात्र खरी हवी.

दुसरं उत्तर म्हणजे दर वेळी तीच चव. गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. आज हजारो भगिनी आपापल्या घरी पापड लाटतात, पण पीठ केंद्रावर मळलं जातं. लाटणारे हात अनेक आणि चव एक, ती अशाने.

लहान पाकीट काढावं का?

चव बघायला म्हणून जरूर काढा. तमिळनाडूत १९८० च्या दशकात सी. के. रंगनाथन यांच्या चिक शाम्पूने पुडीच्या जोरावर खेड्यापाड्यांत जम बसवला, कारण आख्खी बाटली घेणं रोजच्या मजुरीत बसत नव्हतं. पार्ले-जीने वर्षानुवर्षं पुड्याची किंमत फारशी हलू दिली नाही, वजन कमी करत नेलं. गिऱ्हाईक नाणं लक्षात ठेवतं, ग्रॅम नाही. छोट्या ब्रँडने वजन गुपचूप घटवू नये, असं मी ठामपणे सांगेन. तुमची ओळख अजून कच्ची आहे, आणि आता पाकिटावर एमआरपीबरोबर प्रति ग्रॅम किंवा किलोचा दरही छापावा लागत असल्याने ते लपतही नाही. लहान पाकिटात पाऊच आणि लेबलचा खर्च किलोमागे जास्त पडतो, तेवढा हिशेब आधी करा.

खेड्यात तयार खाणं कोण विकत घेणार?

बरेच लोक घेतात. केंद्र सरकारचं घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण फुकट पाहायला मिळतं. २०२३-२४ मध्ये दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता. त्याआधीच्या, २०२२-२३ च्या फेरीत, खाण्यावरच्या खर्चात पेयं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा सगळ्यांत मोठा निघाला, आणि तो शहरातच नव्हे, खेड्यातही. बाजारच नाही असं गृहीत धरण्याआधी तालुक्याच्या आठवडी बाजारात एक चक्कर मारा.

इन्स्टाग्रामवर किती वेळ घालवावा?

भाजणीचा रंग, गिरणीतून येणारं पीठ, तव्यावरचं थालीपीठ दाखवायला ते उत्तम. पण लाइक म्हणजे ऑर्डर नाही. कुठल्या पोस्टनंतर कोणी पैसे पाठवले, तेवढंच वहीत मांडा.

पाकिटावर 'मधुमेहावर गुणकारी' लिहिलं तर चालेल?

नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. आणि दंड नसता तरी आजारी माणसाच्या आशेवर माल विकू नये. काय घातलंय, कधी दळलंय, किती दिवस टिकतं, हे नीट लिहा.

गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर घेऊन मेसेज पाठवू का?

विचारून घ्या, कशासाठी ते सांगा, नको म्हटलं की यादीतून काढा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे. आठवड्याला दोन मेसेज आले की लोक ब्लॉक करतात. आषाढीआधी एक पुरेसा आहे.

धंदा बसतोय की नाही, हे कशावरून ओळखायचं?

दुसऱ्या खरेदीवरून. पहिलं पाकीट कुतूहलाने, भिडेने किंवा स्कीममुळे जातं. दहा दुकानांत प्रत्येकी बारा पाकिटं ठेवा आणि प्रत्येक दुकानाची पहिली खेप किती दिवसांत संपली, दुसरी कोणी मागितली, तिसरी कोणी मागितली, एवढेच तीन रकाने आखा. तुम्ही फोन केल्यावर घेतलेला माल एका रंगाने, दुकानदाराने आपणहून मागवलेला दुसऱ्या रंगाने. आपणहून मागवणारी तीन-चार दुकानं निघाली की तिथे जाऊन उभं राहा. वस्ती कशी आहे, जवळ शाळा आहे की स्टेशन, घेणारी माणसं कोण, दुकानदार काय सांगून विकतो, हे टिपा. अकरावं दुकान त्यांच्यासारखंच शोधायचं, आणि जिथे पहिलीच खेप अजून पडून आहे तिथला माल तारीख उलटण्याआधी उचलून आणायचा.